अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले तरी लाली उतरेना: दाहक स्तनकर्करोगाबद्दल

कृष्णाकाठ

हा धागा काढायचं गेली दोन वर्षं मनात आहे. पण वहिनींना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. परवा त्याच म्हणाल्या, "लिही गं, नाव तेवढं घालू नकोस. आपले दोन महिने गेले, दुसऱ्या कुणाचे जायला नकोत." म्हणून लिहितेय.

वहिनी तासगावजवळच्या एका गावात राहतात. घरची द्राक्षबाग आहे. तेव्हा त्यांचं वय ४७. गौरी उठल्या त्याच आठवड्यात त्यांना डावा स्तन जड वाटू लागला, ब्लाऊज एकाच बाजूनं घट्ट व्हायला लागला. खालच्या बाजूला एक लालसर डाग होता. त्यांना वाटलं ब्लाऊजचा काच पडला असेल. आठ दिवसांत तो डाग तळहाताएवढा झाला आणि कातडी गरम लागू लागली. गावातल्या डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. सोबत वेदनाशामक होतं, त्यामुळे ठणका कमी झाला आणि सगळ्यांना वाटलं गुण येतोय. लाली मात्र होती तशीच. मग दुसऱ्या अँटिबायोटिकचा दहा दिवसांचा कोर्स. तोवर ऑक्टोबर छाटणी सुरू झाली. बागेत छाटणीची टोळी आली की घरातली बाई स्वतःसाठी दवाखान्याला निघत नाही, हे द्राक्षपट्ट्यातल्या कुणाला सांगायला नको. मधे आईनं आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावला. त्या लेपाच्या रंगाखाली मूळ लाली किती वाढली तेही कळेनासं झालं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. वहिनींच्या पाठीला तेल लावून देताना मला ते पहिल्यांदा दिसलं. डावा स्तन उजव्याच्या दीडपट झालेला. कातडी जाड, तिच्यावर संत्र्याच्या सालीवर असतात तशी बारीक छिद्रं. स्तनाग्र आत ओढलेलं. रंग लाल म्हणण्यापेक्षा जांभळट, मुका मार लागल्यावर होतो तसा. हाताला चटका बसावा इतका गरम, पण अंगात ताप नाही. आणि गाठ? मी दाबून पाहिलं, वहिनींनी पाहिलं, गाठ कुठेच लागत नव्हती. आम्ही सगळे दोन महिने याच एका गोष्टीच्या भरवशावर गाफील राहिलो. स्तनाचा कॅन्सर म्हणजे न दुखणारी गाठ, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. इथे दुखत होतं आणि गाठ नव्हती, मग कॅन्सर कसा असेल?

दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो. मॅमोग्राफीत 'कातडी जाड झाली आहे, स्पष्ट गाठ दिसत नाही' असं आलं. तेवढ्यावर आम्हाला घरी पाठवलं असतं तर आम्ही आनंदानं गेलो असतो. पण रेडिऑलॉजिस्ट बाईंनी लगेच सोनोग्राफी केली, काखेतल्या दोन लसिकाग्रंथी फुगलेल्या दिसल्या. त्याच आठवड्यात स्तनातून जाड सुईनं तुकडे काढले आणि कातडीचा एक छोटा गोल तुकडाही घेतला. रिपोर्ट असा: इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा (दूधनळ्यांतून बाहेर पसरलेला कॅन्सर), ग्रेड ३ (आक्रमक), ईआर-पीआर निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा नाही), हर-टू तीन प्लस (पेशींवर हर-टू हे प्रथिन भरपूर), कातडीच्या लसिकावाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी. ऑन्कॉलॉजिस्टनी शांतपणे सांगितलं, याला इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर म्हणतात. दाहक स्तनकर्करोग. आम्ही कुणी हे नावही ऐकलेलं नव्हतं.

हा दुर्मीळ आहे. अमेरिकेत स्तनकर्करोगाच्या दर १०० रुग्णांत १ ते ५ जणींना होतो. पण तो दिवसा-आठवड्यांच्या हिशोबानं वाढतो, आणि सापडतो तेव्हाच किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. याला पहिला किंवा दुसरा टप्पाच नाही. कातडीपर्यंत पोचलेला असतो म्हणूनच तर तो दिसतो. साधारण एक तृतीयांश रुग्णांत निदानाच्या वेळीच हाडं, फुफ्फुसं, यकृत असा कुठेतरी पसरलेला असतो. वहिनींच्या पेट-सीटीत (सगळ्या अंगाच्या स्कॅनमध्ये) काखेपलीकडे काही निघालं नाही.

उपचारांचा क्रम आम्हाला आधी उलटा वाटला. भाऊ म्हणत होता, आधी कापून टाका, मग काय ते बघू. डॉक्टरांनी ठाम नकार दिला. आधी किमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. किमो सुरू करण्याआधी त्यांनी स्तनाचे फोटो काढून फाइलला लावले. वहिनींना फार संकोच वाटला. कारण नंतर कळलं: किमोनं लाली विरून जाते, आणि रेडिएशन देताना मूळ लाली कुठवर होती हे माहीत असावं लागतं.

चार लाल किमो (औषधाचा रंगच लाल), मग बारा आठवडे दर आठवड्याची किमो, त्याच्याबरोबर हर-टूवरची दोन इंजेक्शनं. तिसऱ्या किमोनंतर कातडी मऊ पडायला लागली. मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या. स्तनात कॅन्सर उरला नव्हता, एका ग्रंथीत थोडा होता. म्हणून रेडिएशननंतर हर-टूचं वेगळं इंजेक्शन, टी-डीएम-१, चौदा वेळा घेतलं. निदानाला आता ३ वर्षं ४ महिने झाले. वहिनी घरी आहेत, बागेत जातात.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. मी डॉक्टर नाही, जे पाहिलं आणि नंतर वाचून समजून घेतलं तेवढंच सांगेन. जाणकारांनी चुका दुरुस्त कराव्यात.

शेवंती

वाचून हात गार पडले. म्हणजे दर महिन्याला आपण आपलं तपासतो, गाठ नाही म्हणून निर्धास्त होतो, त्याला काहीच अर्थ नाही का? आणि गाठ नसताना कॅन्सर असतो तरी कुठे?

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. शेवंती, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते.

नावात 'दाहक' असलं तरी हा खरा दाह नव्हे. जंतुसंसर्गात सूज येते ती पांढऱ्या पेशींच्या धावपळीमुळे. इथे तसं काही नसतं. कातडीत लसिकेच्या अतिशय बारीक नळ्या असतात, पेशींमधलं जास्तीचं पाणी त्या वाहून नेतात. या कॅन्सरच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून झुबक्यांनी फिरतात आणि त्या नळ्यांत बुचासारख्या अडकतात. बहुतेक आक्रमक कॅन्सरमध्ये पेशींना जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन कमी होतं, पेशी सुट्या होतात आणि मग पसरतात. दाहक प्रकारात ते उलट भरपूर असतं. पेशी घोळक्यानं जातात.

नळ्या तुंबल्या की पाणी कातडीतच साठतं. म्हणून सूज, म्हणून उष्णता, म्हणून रंग. केसांच्या मुळाशी कातडी खाली बांधलेली असते. आजूबाजूचा भाग फुगतो आणि तेवढे बिंदू खोल राहतात. संत्र्याची साल दिसते ती अशी. कॅन्सर एका जागी गोळा झालेला नसतो, स्तनभर पातळ जाळ्यासारखा पसरलेला असतो. त्यामुळे बोटांना गाठ लागेलच असं नाही आणि मॅमोग्राफीतही डाग दिसेलच असं नाही. एमआरआयमध्ये बरंच अधिक कळतं.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. कातडीच्या तुकड्यात त्या झुबक्यांचा पुरावा मिळाला तर उत्तम, पण साधारण चारातल्या एका रुग्णात तो मिळत नाही. 'कातडीची बायोप्सी निगेटिव्ह, म्हणजे कॅन्सर नाही' असा अर्थ काढू नका. निदान डोळ्यांनी होतं आणि आत कुठेतरी इन्व्हेसिव्ह कॅन्सर असल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध करावं लागतं. आणि कृपा करून नुसत्या बारीक सुईच्या तपासणीवर, एफएनएसीवर, थांबू नका. त्यात पेशी मिळतात, पण ईआर, पीआर, हर-टू नीट करायला जाड सुईचा तुकडा लागतो. माझ्याकडे तालुक्याहून एफएनएसीच्या काचपट्ट्या येतात, मी 'कॅन्सर आहे' लिहिते, आणि पुढच्या उपचारांसाठी रुग्णाला पुन्हा सगळं नव्यानं करावं लागतं. त्यात आणखी दोन आठवडे जातात.

कृष्णाकाठ

सूक्ष्मदर्शी, मनापासून आभार. घोळक्यानं जाणाऱ्या पेशींचं मला माहीत नव्हतं.

शेवंती, तपासणं सोडू नकोस. गाठीचा कॅन्सर कितीतरी जास्त जणींना होतो आणि तो असाच हाताला लागतो. फक्त बोटांबरोबर डोळेही वापर. आरशासमोर उभी राहा. दोन्ही बाजू एकसारख्या दिसतात का, ब्लाऊजचे वळ एकाच बाजूला खोल उमटतात का, एका बाजूचा रंग बदललाय का. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. इंग्रजी माहितीपत्रकांत गुलाबी आणि लाल स्तनाची चित्रं असतात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लाली अशी दिसत नाही. काळसर, तपकिरी, जांभळट छटा येते, नुसतं उन्हानं रापल्यासारखं वाटतं. वहिनी गोऱ्या आहेत म्हणून निदान आम्हाला काहीतरी दिसलं तरी. सावळ्या बाईनं रंगापेक्षा उष्णता, जडपणा आणि कातडीचा पोत यांवर भरवसा ठेवावा. हाताची उलटी बाजू आळीपाळीनं दोन्हीकडे लावून पाहिली की उष्णतेतला फरक कळतो.

अबोली

हे वाचून रात्रभर झोप लागली नाही. माझी धाकटी बहीण बाळंत होऊन तीन महिने झालेत, अंगावर पाजते. पंधरा दिवसांपासून उजव्या बाजूला लाल झालंय, दुखतं, पहिल्यांदा थंडी वाजून तापही आला होता. डॉक्टरांनी दूध साकळलं म्हणून अँटिबायोटिक दिलं, ताप गेला, पण एक भाग अजून कडक आहे. आई म्हणते बाळंतपणात हे व्हायचंच. मी काय करू?

शल्यक

अबोली, मी सर्जन आहे. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो: पाजणाऱ्या आईला ताप येऊन स्तन लाल होणं हे जवळजवळ नेहमीच संसर्गामुळे असतं. तुझ्या बहिणीला थंडी-ताप होता आणि अँटिबायोटिकनं तो उतरला, हे संसर्गाच्या बाजूचं लक्षण आहे. कडक भाग राहिलाय म्हणजे आत पू साठला असण्याची शक्यता जास्त. तो सोनोग्राफीत दिसतो आणि सुईनं काढता येतो.

पण पंधरा दिवस झाले आणि पूर्ण बरं नाही, म्हणजे आता सोनोग्राफी झालीच पाहिजे. उद्या. पुढच्या आठवड्यात नको. माझा नियम साधा आहे: योग्य अँटिबायोटिकनं आठवडा-दहा दिवसांत स्तनाची लाली स्पष्ट ओसरली नाही, तर दुसरं अँटिबायोटिक लिहिण्याआधी सोनोग्राफी, आणि तिथे शंकास्पद काही असेल तर बायोप्सी. पाजणारी असो वा नसो. आणि जी पाजत नाही, विशेषतः चाळिशी ओलांडलेली आहे, तिच्या स्तनाला आलेली लाली 'साधं इन्फेक्शन' समजताना मी दोनदा विचार करतो. कॅन्सर नसला तरी आपल्याकडे स्तनाचा क्षयरोग असतो, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस हा कॅन्सरसारखा भासणारा स्तनाचा दाह असतो. तेही बायोप्सीशिवाय कळत नाहीत.

पाजणं बंद करायची गरज नाही. सोनोग्राफीला आणि गरज पडल्यास सुईच्या बायोप्सीलाही पाजण्यानं अडथळा येत नाही.

धाग्याच्या विषयावर थोडं: आपल्याकडे आणखी एक गल्लत होते. वर्षभर गाठ अंगावर काढलेली बाई येते, गाठ वाढून कातडी लाल झालेली, कधी फुटलेली असते. तोही गंभीरच आजार, पण तो दाहक कर्करोग नव्हे. दाहक म्हणायला लक्षणं झपाट्यानं आलेली असावी लागतात, सुरुवात होऊन सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ झालेला नसावा, आणि लाली स्तनाच्या किमान एक तृतीयांश भागावर हवी. म्हणून मी रुग्णाला 'आधी काय झालं, गाठ की लाली?' हे खोदून विचारतो. पुष्कळदा नेमकं उत्तर तिच्या मुलीकडून मिळतं.

माणदेशी

आमच्या मावशीचं मांडतो. २०१५ ची गोष्ट. आमच्या भागातल्या एका खासगी दवाखान्यात गळू समजून चीर दिली. पू आला नाही. मग बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, आणि पुढच्याच आठवड्यात तिथेच स्तन काढला. किमो आधी द्यायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. 'आजार काढून टाकला' म्हणून घरी आलो, मावसभावानं पेढे वाटले. टाके निघून दोन महिने झाले नसतील, टाक्यांच्या रेषेजवळ बारीक लाल पुटकुळ्या उठल्या. घामोळं वाटलं आम्हाला. तो परत आलेला कॅन्सर होता. मावशी त्यानंतर अकरा महिने होती.

कृष्णाकाठ, तुमच्या भावाला नाही म्हणणारे डॉक्टर भेटले. हा धागा आमच्या सगळ्या पाहुण्यांत पाठवतोय.

शल्यक

माणदेशी, वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत, कारण आधी ऑपरेशन का नको हे यापेक्षा नीट सांगता येणार नाही. कातडीच्या नळ्या पेशींनी भरलेल्या असताना कापलं तर जिथून कापू आणि जिथे शिवू तिथेही त्या पेशी असतात. आधी किमोनं कातडी मोकळी व्हावी लागते. नुसत्या ऑपरेशनवर भिस्त होती त्या काळात पाच वर्षं जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण शंभरात पाचाहूनही कमी होतं.

याच कारणानं या आजारात स्तन वाचवून फक्त थोडा भाग काढणं, काखेतली एखादीच ग्रंथी तपासणं, किंवा त्याच ऑपरेशनमध्ये नवा स्तन बनवणं, यांतलं काही करत नाहीत. इतर स्तनकर्करोगांत आज हे सगळं सर्रास होतं, त्यामुळे रुग्ण विचारतात आणि आम्हाला नाही म्हणावं लागतं. स्तन पुन्हा बनवायचा असेल तर रेडिएशन संपून बराच काळ गेल्यावर पाहता येतं.

पैलतीर

मी ह्यूस्टनला असते. नवऱ्याची बहीण इथेच या आजारातून गेली. एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये फक्त या एका आजाराचं क्लिनिक आहे, २००६ साली सुरू झालेलं. वर शल्यक यांनी सांगितलेले सहा महिने आणि एक तृतीयांश हे निकषही २००८ साली ह्यूस्टनमध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या चर्चेतून ठरले आणि २०११ मध्ये छापून आले. आजार मात्र जुना. चार्ल्स बेल या ब्रिटिश सर्जननं १८१४ साली लिहून ठेवलंय की वेदनेसह कातडीवर जांभळा रंग येणं ही फार अशुभ सुरुवात असते. 'इन्फ्लमेटरी' हे नाव १९२४ चं.

इथे राहून एक कळलं: इथेही पहिले दोन-तीन आठवडे अँटिबायोटिकमध्येच जातात. नणंदेचेही गेले. त्यामुळे गावातल्या डॉक्टरांवर फार राग धरू नका. अनेक डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण दिसत नाही. तिसऱ्या भेटीला 'हे काही वेगळं आहे का, बायोप्सी करू या का' हा प्रश्न रुग्णाच्या बाजूनं यायला हवा.

मृदगंध

हा प्रश्न विचारणं क्रूर वाटेल, पण मला उत्तर हवंय. माझ्या पत्नीचं निदान गेल्या महिन्यात झालं. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह), वय ४१. डॉक्टर 'बघू, उपचारांना प्रतिसाद कसा मिळतो ते' म्हणतात. इंटरनेटवर जे आकडे दिसतात ते वाचून मी रात्री गच्चीत जाऊन बसतो. नेमकं काय आहे?

कृष्णाकाठ

मृदगंध, क्रूर नाही. मीही पहिल्या आठवड्यात हेच शोधत होते.

अमेरिकेतली आकडेवारी अशी: सगळे टप्पे मिळून या आजाराच्या १०० पैकी साधारण ४० स्त्रिया पाच वर्षांनी हयात असतात. दूर पसरलेला नसेल तर निम्म्याच्या किंचित वर. निदानाच्या वेळीच पसरलेला असेल तर पाचांतली एक. हे खरं आहे आणि मी ते गुळमुळीत करून सांगणार नाही.

पण हे आकडे ज्या स्त्रियांचे आहेत त्यांचं निदान बऱ्याच वर्षांपूर्वी झालंय. पाच वर्षांचा हिशोब करायचा तर आधी पाच वर्षं उलटावी लागतात. तुमच्या पत्नीला आज जे औषध मिळेल ते त्यांतल्या अनेकींना मिळालेलंच नाही. वहिनींच्या हर-टू प्रकारात तर चित्र पार बदललंय. एके काळी हर-टू पॉझिटिव्ह म्हणजे वाईट बातमी होती, आता त्यावर नेमकी औषधं आहेत म्हणून तोच प्रकार जास्त बरा मानतात. ट्रिपल निगेटिव्हबद्दल माझ्यापेक्षा डॉक्टरांनी सांगावं.

शल्यक

मृदगंध, स्पष्टच सांगतो. दाहक कर्करोगाच्या उपप्रकारांत ट्रिपल निगेटिव्हची वाट सगळ्यांत कठीण असते. परतला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततो. त्यानंतर धोका झपाट्यानं कमी होत जातो. याउलट हार्मोन पॉझिटिव्ह प्रकार उशिरापर्यंत, दहा वर्षांनीही डोकं वर काढू शकतो.

तुमचे डॉक्टर 'प्रतिसाद बघू' म्हणतात ते टाळाटाळ म्हणून नव्हे. सगळ्यांत मोठा निर्णायक मुद्दा तोच आहे. आधीच्या किमोनंतर ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागात, स्तनात आणि काखेतही, जिवंत कॅन्सर अजिबात सापडला नाही तर पुढचं भवितव्य खूप सुधारतं. ट्रिपल निगेटिव्हमध्येही. म्हणून आजचा आकडा तुमच्या पत्नीचा नाही, तिचा आकडा सहा महिन्यांनी कळेल.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. एक, किमोबरोबर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देता येईल का. ट्रिपल निगेटिव्हमध्ये ऑपरेशनआधी ते दिल्यानं फायदा होतो असं मोठ्या चाचणीत दिसलंय आणि त्या चाचणीत दाहक कर्करोगाचे रुग्णही घेतले होते. ते फार महाग आहे आणि थायरॉइड, यकृत, फुफ्फुसं यांवर त्याचे दुष्परिणाम होऊ शकतात, त्यामुळे निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. दोन, बीआरसीए जनुकांची तपासणी (यांत दोष असेल तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका घराण्यात चालत येतो). वय आणि प्रकार पाहता ती करायलाच हवी. उपचारांसाठीही आणि तिच्या बहिणी-मुलींसाठीही.

निरंजना

माझी आई या आजारानं गेली. निदानानंतर २६ महिने. यकृतात आधीच होता. शेवटी मेंदूत गेला.

मृदगंध, तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. शल्यक यांनी मेंदूचं लिहिलेलं नाही म्हणून लिहिते. या प्रकारात तो मेंदूत जाण्याचं प्रमाण जास्त असतं, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर तिची सततची डोकेदुखी आम्ही महिनाभर 'किमोचा अशक्तपणा' म्हणून काढली नसती. नवी डोकेदुखी, तोल जाणं, बोलताना शब्द न सापडणं, सकाळच्या उलट्या, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करा. तिथेही आता रेडिएशननं बरंच करता येतं. आईला त्यानंतर चार चांगले महिने मिळाले. माझ्या मुलाची मुंज तिनं पाहिली.

आणि वेदना कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे, पॅलिएटिव्ह विभागात, लवकर जा. तिथे जाणं म्हणजे हार मानणं असं आम्हाला वाटत होतं. तसं नसतं, उपचार चालू असतानाच जायचं असतं. आईची झोप तिथल्या डॉक्टरांमुळे परत आली.

मृदगंध

निरंजना, शल्यक, कृष्णाकाठ. तिघांचेही आभार. सहा महिन्यांनी कळेल हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. पेम्ब्रोलिझुमॅबचं सोमवारी विचारतो. पैशांचं कसं केलंत, कृष्णाकाठ?

कृष्णाकाठ

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किमो, ऑपरेशन आणि रेडिएशन बसलं. टार्गेटेड इंजेक्शनांतला मोठा भाग खिशातून गेला. एक एकर बाग दोन वर्षं दुसऱ्याला वाट्यानं दिली. हर-टूवरच्या इंजेक्शनांतलं एक म्हणजे ट्रास्टुझुमॅब, त्याची भारतीय आवृत्ती २०१४ पासून मिळते, म्हणून ते तरी आवाक्यात आलं. टी-डीएम-१ सुद्धा भारतीय कंपनीचं घेतलं. रुग्णालयातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटा, ट्रस्टच्या मदतीचे अर्ज तेच भरून देतात. आम्ही तिसऱ्या महिन्यात भेटलो आणि पहिल्या दोन महिन्यांची बिलं कुठेच लागली नाहीत.

दुसऱ्या मतासाठी परळला टाटा मेमोरियलमध्ये गेलो होतो. मुंबईत राहायचा प्रश्न असेल तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळला नाना पालकर स्मृती समिती रुग्ण-नातेवाइकांची सोय करतात. नंबर लागायला वेळ लागतो, आधी चौकशी करा. आम्ही धर्मशाळेत नऊ दिवस होतो. तिथे वहिनींना बीडची एक बाई भेटली, याच आजाराची. अजून दोघी रोज फोनवर बोलतात. तोवर वहिनींना वाटायचं की जगात हा आजार फक्त त्यांनाच झालाय.

शेवंती

रेडिएशनला त्रास किती झाला? आणि हाताला सूज येते म्हणतात ते?

कृष्णाकाठ

रेडिएशनमध्ये कातडीला पुरेसा मारा मिळावा म्हणून छातीवर जेलीसारखी जाड चकती ठेवायचे. त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांत कातडी चांगलीच भाजली, काही ठिकाणी ओली झाली. सुती, सैल, नवऱ्याचे शर्ट घालून त्यांनी ते दिवस काढले. तीन आठवड्यांत भरून आलं.

हाताची सूज मात्र राहिली. काखेतल्या ग्रंथी काढल्या, वर रेडिएशन, त्यामुळे डाव्या हाताचं पाणी नीट उतरत नाही. फिजिओथेरपिस्टनी शिकवलेली हलकी मालीश आणि दिवसभर घट्ट बाही, एवढ्यावर ती ताब्यात आहे. त्या हाताला सुई टोचून घ्यायची नाही, रक्तदाब मोजायचा नाही, जखम होऊ द्यायची नाही. खरड छाटणीला वहिनी बागेत येतात, खुर्चीवर बसून टोळीला सूचना देतात. कात्री हातात घेत नाहीत. त्याचंच त्यांना सगळ्यांत वाईट वाटतं, केस गेल्याचं इतकं वाटलं नव्हतं.

हर-टूची औषधं चालू होती तोवर दर तीन महिन्यांनी हृदयाचा इको होता. एकदा पंपिंग थोडं कमी आलं म्हणून एक इंजेक्शन पुढे ढकललं, नंतर सावरलं.

अबोली

आत्ताच आलो दवाखान्यातून. सोनोग्राफीत पू निघाला, सुईनं बराच काढला, कुठला जंतू आहे ते बघायला कल्चरला पाठवलाय. बाजूची कातडी जाड दिसते म्हणून मी बायोप्सीचं विचारलं. डॉक्टर जरा थबकले, पण केली. रिपोर्ट सोमवारी.

अबोली

रिपोर्ट आला. संसर्गच आहे, कॅन्सरच्या पेशी नाहीत. अँटिबायोटिक बदललंय, लाली निम्म्यावर आलीय. बाळ दोन्ही बाजूंनी पितंय. शल्यक, आता परत दाखवायला लागेल का?

शल्यक

छान झालं. हो, लाली पूर्ण गेली तरी चार आठवड्यांनी एक सोनोग्राफी करून घ्या. कडकपणा राहिला तर त्याआधीच.

अबोली

तारीख घेतली.